चाकाचा खरा आकडा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेलात, तर पोती रचलेल्या हातगाड्यांची ये-जा सुरू झालेली दिसते. एखादी गाडी फरशीच्या वर आलेल्या कडेपाशी अडते. हमाल क्षणभर थांबतो, गाडी थोडी मागे घेतो, वेग देतो आणि अंग टाकून ती पार करतो. यंत्रशास्त्राचे पुस्तक त्याने उघडले नसेल. पण चाक लहान असले की अडथळा मोठा होतो, हे त्याच्या खांद्याला पक्के ठाऊक असते.

हिशेब करून पाहू. पाच सेंटिमीटर उंचीची कड आहे. चाक २० इंची असेल, तर ती चढण्यासाठी चाकावरच्या भाराच्या सुमारे पाऊण पट आडवा जोर लागतो. चाक ३६ इंची असेल, तर तेच काम भाराच्या सुमारे निम्म्या जोरात होते. मोठ्या चाकाची सारी किमया या साध्या हिशेबात आहे.

हे ३६ इंची चाक मी सहज घेतलेले नाही. एकचाकी सायकल आपल्याला सर्कशीमुळे ठाऊक आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. तेव्हापासून सर्कस आणि महाराष्ट्र हे नाते जुळले. सर्कशीतल्या एकचाकीचे चाक लहान असते, कारण तिला रिंगणातच फिरायचे असते. पण लांबच्या रस्त्यावर चालवण्यासाठी ३६ इंची चाकाची एकचाकीही बनते. तिला साखळी नसते. पायडल थेट आसालाच जोडलेले असते. म्हणजे पायाचा एक फेरा तो चाकाचा एक फेरा. २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर जाते, ३६ इंची चाक सुमारे २.९ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले, तर पहिल्यावर ताशी पावणेसहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याचा वेग मिळतो; दुसऱ्यावर ताशी दहाच्या थोडा वर. इथे चाक हाच गिअर.

मग कोणी म्हणेल, चाक मोठे करतच जावे. तसे होत नाही. एक तर स्वाराच्या पायाची लांबी आड येते. दुसरे म्हणजे वजन. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला असलेले वजन दुहेरी वसुली करते. ते पुढेही न्यावे लागते आणि गोल फिरवावेही लागते. त्यामुळे वेग वाढवताना किंवा कमी करताना रिमेवरचे अर्धा किलो वजन खोगिराखालच्या एक किलोइतके जड लागते. एकचाकीचा स्वार तर तोल राखण्यासाठी सतत थोडा वेग वाढवतो, थोडा कमी करतो. म्हणून त्याच्या दृष्टीने हलकी रिम ही चैन नसते. ती दिवसअखेरच्या पायदुखीशी निगडित गोष्ट असते.

कार्बनची रिम इथे कामाला येते. कार्बनचे तंतू राळेत बसवून ती घडवतात. या पदार्थाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास साठ टक्के आणि पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी असते. शिवाय ती ताठ असते. ३६ इंची चाकाचे आरे लांब असल्याने चाक बाजूला लवचते आणि वळताना डुलल्यासारखे वाटते. ताठ रिम आणि रुंद हब, म्हणजे नेहमीच्या १०० मिलिमीटरऐवजी १२५ मिलिमीटरचा, यांनी हे डुलणे बरेच कमी होते.

पण प्रत्येक चाकाला कार्बन हवे असे नाही. मार्केट यार्डातल्या हातगाडीला कार्बनची रिम लावली, तर हमालाला फरक कळणार नाही. गाडीवर चारपाचशे किलो माल असताना रिमेचे अर्धा किलो वाचले काय नि न वाचले काय! उलट त्याला हवी पोलादी रिम. ती दगडाला आपटली तर वाकते, आणि वाकलेली रिम ठोकून, आऱ्या ताणून तिचा आउट काढता येतो. कार्बन वाकत नाही. मर्यादेपलीकडचा धक्का बसला की तडकतो, आणि तडा कधी कधी आतच राहतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जोराचा आपटा बसलेली कार्बनची रिम जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा चालवू नये. ब्रेकचेही तसेच. कात्रजच्या जुन्या घाटासारख्या लांब उतारावर रिमेला दाबणारा ब्रेक सतत लावला, तर रिम तापते आणि राळ मऊ पडू लागते. अशा रिमेला त्याच जातीचे ब्रेकपॅड लागतात, किंवा सरळ डिस्क ब्रेक बरा.

आता टायर. बहुतेकांची चूक इथे होते, आणि ती महागात पडते. आपण टायर मागतो तो इंचांत. 'अठ्ठावीस दीडचा द्या', असे दुकानात म्हणतो. हा इंचांचा आकडा टायरचा बाहेरचा, ढोबळ व्यास सांगतो. टायर रिमेवर बसतो तो मात्र आतल्या कडेच्या तारेवर. तो व्यास टायरच्या बाजूला मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. आपल्या नेहमीच्या काळ्या, उभ्या सायकलीच्या '२८ बाय दीड' टायरवर ४०-६३५ असे दिसेल. ४० ही रुंदी, ६३५ हा बसण्याचा व्यास. नव्या सायकलींच्या कित्येक टायरांवरही २८ लिहिलेले असते, पण पुढचा आकडा ६२२ असतो. गंमत म्हणजे '२९' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरचाही आकडा ६२२च. म्हणजे जुना अठ्ठावीस हा नव्या एकोणतीसपेक्षा मोठा!

हा फरक १३ मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण घेर धरला तर चार सेंटिमीटर होतो. ६३५चा टायर ६२२च्या रिमेवर सहज चढतो. चढला म्हणून आपण खूश होतो. हवा भरली की तो निसटतो. हवा भरताना निसटला तर नशीब, रस्त्यात निसटला तर स्वार पडतो. ३६ इंची एकचाकीचा आकडा ७८७ आहे. तिथे दुसरे चाक सावरायला नसते, बसायची जागाही उंच असते. म्हणून रिमेवरचा आणि टायरवरचा मिलिमीटरचा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. 'जवळपास' हा शब्द इथे चालत नाही.

व्यासानंतर रुंदी. टायर रुंद आणि रिम अरुंद असेल, तर टायर फुग्यासारखा होतो आणि वळताना बाजूला कलतो. उलट झाले तर टायरच्या भिंती उघड्या पडून दगडांनी घासतात. रिमेची आतली रुंदी टायरच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास असावी, असा ढोबळ ठोकताळा आहे. ५७ मिलिमीटरच्या टायरला ३० मिलिमीटरची रिम चांगली. एकचाकीवर आणखी एक गोष्ट अनुभवाला येते. रुंद टायरात हवा कमी असेल, तर रस्त्याच्या उताराकडे चाक आपोआप ओढले जाते आणि स्वाराची कंबर भरून येते. अशा वेळी टायर बदलण्याआधी थोडी हवा वाढवून पाहावी.

हवेलाही मर्यादा आहे. टायरवर एक मर्यादा छापलेली असते आणि रिमेवर दुसरी. दोहोंपैकी जी कमी, ती खरी मानावी. कार्बनच्या काही रिमांना आतून टायर धरणारी कडेची आकडी नसते. अशा रिमेवर फक्त तिच्यासाठी सांगितलेलाच टायर लावावा आणि ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, यापुढे कधीही जाऊ नये.

बसवण्याचे काम घाईचे नाही. आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून आधी रिमेची पट्टी नीट बसली आहे ना, ते पाहावे. टायरवर बाण असेल तर त्याची दिशा पाहावी. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून तिला शंखजिऱ्याची पूड लावावी. टायरची एक कड बसवून ट्यूब आत सरकवावी. मग दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटी टायर घट्ट होतो, तेव्हा लोखंडी पट्टी घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी बसलेली कड रिमेच्या मधल्या खोलगट भागात दाबावी. तिथला घेर लहान असल्याने समोर सैलपणा मिळतो. साबणाचे पाणी लावून अंगठ्यांनीच काम होते. अडलेच तर प्लास्टिकची पट्टी वापरावी. लोखंडी पट्टीने कार्बनच्या कडेचे टवके उडतात.

नंतर व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडावा, म्हणजे खाली ट्यूब चिमटली असेल तर सुटते. थोडी हवा भरून चाक फिरवावे. टायरवर रिमेलगत एक बारीक रेषा असते, ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे बुडालेली किंवा वर आलेली दिसली, तर हवा सोडून पुन्हा बसवावे. रेषा सारखी झाल्यावरच टप्प्याटप्प्याने पूर्ण हवा भरावी.

पुन्हा मार्केट यार्डात येऊ. माणसाच्या पाठीवरचे ओझे कमी व्हावे म्हणून डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने या शहरात मोठा लढा दिला. चाकही त्याच कामाचे साधन आहे. हवेचा टायर असलेल्या गाडीत हवा कमी असेल, तर प्रत्येक पावलाला टायर चेपतो आणि त्याची किंमत ढकलणाऱ्याचे गुडघे मोजतात. दोन मिनिटांचा पंप ही किंमत वाचवतो. चाक हातगाडीचे असो की कार्बनच्या रिमेचे, आकडा जुळवा, रुंदी पाहा आणि निघण्यापूर्वी हवा तपासा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)