सुरक्षित भाषा कच्च्या प्रोग्रॅमरसाठी असतात?

"कंपायलर सारखा अडवत असेल तर ती भाषा कच्च्यांसाठी, ज्याला खरंच येतं तो सी वापरतो." कॉलेजच्या लॅबपासून नोकरीच्या मुलाखतींपर्यंत हे अजून ऐकू येतं, आणि दर वेळी संताप येतो.

सीमध्ये मेमरी मागणं, वेळेवर परत करणं, अ‍ॅरेची हद्द न ओलांडणं, सगळं प्रोग्रॅमरच्या माथी. निष्णात माणूस ते सांभाळेलच, हे गृहीत. प्रत्यक्षात काय घडतं? दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या आपल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांतून येतात, असं मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये जाहीर केलं. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींतही मेमरीच्या चुकांचं प्रमाण २०२० मध्ये तेवढंच निघालं. विंडोज आणि क्रोम लिहिणारे कच्चे आहेत का? २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी घ्या. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहिलं, आणि ही चूक दोन वर्षं कोणाच्या नजरेस पडली नाही.

उलट, अँड्रॉइडचा नवा कोड रस्टसारख्या मेमरी-सुरक्षित, म्हणजे अशा चुका भाषेनंच अडवणाऱ्या, भाषांत लिहायला घेतल्यावर एकूण सुरक्षा-त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, असे गूगलचे आकडे आहेत.

आपल्या मर्यादा मोठ्यांनीही मान्य केल्या आहेत. क्विकसॉर्ट शोधणारे टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणलेल्या नल रेफरन्सला, म्हणजे कशाकडेच न दाखवणाऱ्या संदर्भाला, २००९ मध्ये स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानात बजावलं होतं, की चांगला प्रोग्रॅमर आपल्या बुद्धीची मर्यादा ओळखून काम करतो. या दोघांना कच्चं कोण म्हणेल?

गो ही मेमरी-सुरक्षित भाषा मात्र कॉलेजातून नुकत्याच आलेल्या तरुणांचा विचार करून केली, हे तिच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक यांनीच सांगितलं आहे. पण तिच्या कर्त्यांपैकी आणखी एक म्हणजे युनिक्सचे केन थॉम्पसन, आणि डॉकर व कुबरनेटीस ही सर्व्हरवरची साधनं लिहिली गेली ती गोमध्येच.

असाच आणखी एक टोमणा, "पायथॉन म्हणजे खेळणं": २०१९ मधल्या कृष्णविवराच्या पहिल्या चित्रामागे पायथॉनचाही कोड होता.

आणि उलट टोकाचा समज, "रस्ट वापरलं की बग संपले": नाही. सूत्रच चुकलं तर उत्तर चुकणारच.

शिकवणाऱ्यांना आणि मुलाखत घेणाऱ्यांना एक विनंती: सी जरूर शिकवा, मेमरी कशी चालते ते तिच्यातून नीट कळतं. पण रस्ट किंवा जावा निवडली म्हणून कोणाला कच्चं ठरवू नका.