लिनक्समधील स्थापित पॅकेजांची यादी

लिनक्समधील स्थापित पॅकेजांची यादी म्हणजे संगणकावर कोणती सॉफ्टवेअर पॅकेजे कोणत्या आवृत्तीत बसवलेली आहेत, याची पॅकेज व्यवस्थापकाने ठेवलेली नोंद होय. टर्मिनलवर आज्ञा देऊन ही नोंद पाहता येते. आज्ञा रोमन लिपीत टंकल्या जातात; येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.

वितरणानुसार आज्ञा

* डेबियन व उबुंटू: ‘डीपीकेजी -एल’ किंवा ‘एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड’. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिच्यातही याच आज्ञा चालतात.
* रेड हॅट व फेडोरा: ‘आरपीएम -क्यूए’.
* आर्च: ‘पॅकमॅन -क्यू’, यातील क्यू हे अक्षर मोठ्या लिपीत असते.

यादीचे वाचन

‘डीपीकेजी -एल’च्या प्रत्येक ओळीच्या आरंभी स्थितिदर्शक अक्षरे असतात. ‘आयआय’ म्हणजे पॅकेज पूर्णपणे स्थापित आहे. ‘आरसी’ म्हणजे पॅकेज काढून टाकले असून त्याच्या संरचना फाइली शिल्लक आहेत. त्यामुळे यादीतील प्रत्येक नाव स्थापित पॅकेजाचेच असते असे नाही. यादीत अवलंबित्वामुळे आपोआप आलेली पॅकेजेही असतात. वापरकर्त्याने स्वतः मागितलेली पॅकेजे ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ या आज्ञेने वेगळी पाहता येतात.

मर्यादा

प्रत्येक पॅकेज व्यवस्थापकाला केवळ स्वतःच्या नोंदी ठाऊक असतात. स्नॅप, फ्लॅटपॅक किंवा पायथनच्या ‘पिप’द्वारे बसवलेले सॉफ्टवेअर पाहण्यासाठी त्या-त्या साधनाची ‘लिस्ट’ आज्ञा द्यावी लागते. मूळ स्रोतापासून संकलित करून बसवलेले सॉफ्टवेअर सहसा यांपैकी कोणत्याही यादीत दिसत नाही.

सुरक्षिततेतील महत्त्व

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संपीडन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा उघडकीस आला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि त्या शोधातून हा प्रकार समजला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही पॅकेजे पोहोचली नव्हती. चाचणी व अस्थिर शाखांत मात्र ती आली होती. आपला संगणक बाधित आहे की नाही, हे प्रशासकांना स्थापित पॅकेजाची आवृत्ती पाहून ठरवता आले. अशा वेळी संशयित सॉफ्टवेअर चालवून पाहण्यापेक्षा पॅकेज व्यवस्थापकाची नोंद तपासणे अधिक सुरक्षित असते.