गणितही हवं, माणसंही हवीत? लोकसंख्याशास्त्र बघा
बीएस्सी झालेल्या आपल्या मुलामुलींपुढे घरचे बहुधा दोनच वाटा ठेवतात: बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा. गणित आवडतं, पण काम माणसांचं हवं, अशांसाठी लोकसंख्याशास्त्र आहे. मुंबईत देवनारला १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच संस्थेच्या देखरेखीखाली होतं. कुणाची बाळं वर्षाच्या आत दगावतात, हे प्रवर्गनिहाय आकडे त्यातलेच. बौद्धांची नोंदही त्यात वेगळी असते. मोर्चात, निवेदनात आपण हे आकडे वापरतो. पण दारात जाऊन कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणारे आपल्यात थोडेच. पदवीला संख्याशास्त्र असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षाही देता येते.