ठाण्याचा बत्तीस, डोंबिवलीचा पस्तीस

ठाण्याहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले आणि जुना मोडेम नव्या घरी जोडला, की दिवे लागत, पण इंटरनेट काही सुरू होत नसे. २००५ साली टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आले, तेव्हाची ही गोष्ट. ठाणे शहर एमटीएनएलकडे, कल्याण-डोंबिवली बीएसएनएलकडे. मोडेममध्ये तिकडे ०/३२ हा आकडा भरायचा, इकडे ०/३५.

हा आकडा म्हणजे एटीएम नावाच्या पद्धतीतला वाटेचा क्रमांक. (पैसे काढण्याच्या यंत्राशी याचा संबंध नाही.) या पद्धतीत सगळी माहिती ५३ बाइटच्या एकसारख्या पेट्यांतून जाते: ५ बाइट चिठ्ठीचे, ४८ मालाचे. ४८च का? युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४. आवाजाने ६४ बाइटची पेटी भरायला ८ मिलिसेकंद लागतात, आणि विलंब वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. शेवटी मधला आकडा ठरला. तारांचा हिशेब माणसाच्या कानावरून व्हावा, हे डॉक्टरमंडळींना सुखावणारेच.

मात्र इंटरनेटचे पॅकेट १५०० बाइटपर्यंत मोठे. ते ३२ पेट्यांत विभागून जाते. वऱ्हाड गर्दीच्या लोकलमध्ये वेगवेगळ्या डब्यांत चढावे तसे. एक पेटी हरवली, तर पलीकडे उरलेल्या ३१ फेकून दिल्या जातात आणि अख्खे पॅकेट पुन्हा मागवावे लागते. तुंबलेल्या स्विचमध्ये यामुळे तुंबणे आणखी वाढे. रोमानोव आणि फ्लॉइड या संशोधकांनी १९९५च्या निबंधात उपाय मांडला: रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की नवे पॅकेट पहिल्या पेटीपासूनच नाकारायचे, म्हणजे आधीची तरी पूर्ण पोचतात. अपघात विभागात मोठ्या दुर्घटनेच्या वेळी करावी लागते, तशीच ही कठोर निवड.

प्रत्येक टप्प्यावर पूर्ण पत्ता न वाचता छोट्या चिठ्ठीवरून पुढे ढकलण्याची युक्ती पुढे एमपीएलएस या नावाने २००१ साली प्रमाणित झाली. घरोघरी फायबर आल्यावर ५३ बाइटच्या पेट्या मागे पडल्या. चिठ्ठी मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत अजून आहे.

रुग्णाला याचा फरक पडतो का? एक्स-रेची फाइल पाठवताना हरवलेले पुन्हा मागवले जाते. उशीर होतो, चित्र बिघडत नाही. थेट व्हिडिओवर मात्र पुन्हा मागवायला सहसा वेळच नसतो. दम लागलेल्या मुलाचे श्वास पडद्यावर मोजताना चित्र थबकले, तर ती मोजणी सोडून द्यावी, पूर्ण एक मिनिट नव्याने मोजावे, किंवा मुलाजवळ असलेल्या आईलाच मोजायला सांगावे.