घोडा, ट्रॉली आणि मधला सांधा
अवजड वाहनांची निगा : लेखांक ९

मागच्या दोन भागांत ट्रेलरचे ब्रेक आणि टायर पाहिले. आज घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रॉली, म्हणजे मागचा ट्रेलर, जिथे एकमेकांना धरतात त्या जागेकडे वळू.

न्हावाशेवा बंदरातून सुटलेला चाळीस फुटी कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असे करत माणकोलीला येतो आणि तिथून भिवंडीतल्या दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळच्या गोदामांकडे वळतो. मालासकट त्याचे वजन ३०,४८० किलोपर्यंत जाऊ शकते. एवढे ओझे घोड्याला बांधून ठेवते ती ट्रॉलीच्या पोटाखालची एक पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन. सर्रास दिसणाऱ्या किंगपिनची मानेजवळची जाडी ५०.८ मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. भिवंडीत टायरच्या नक्षीवर तासभर बोलणारी माणसे भेटतात. खुंटी किती उरली आहे असे विचारले, की मालक ड्रायव्हरकडे बघतो आणि ड्रायव्हर मिस्त्रीकडे.

हा आळस नव्हे. घोडा एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा, अशी इथली रीत. एकच ट्रॉली आज या घोड्यामागे तर उद्या त्या. किंगपिन ट्रॉलीवाल्याची आणि तिला धरणारे फिफ्थ व्हील घोडेवाल्याचे. दोन्ही एकमेकांना झिजवतात आणि हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे : हा सांधा नजरेने नव्हे, मापाने तपासावा, आणि माप गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवावे.

माप सोपे आहे. ट्रॉली सोडलेली असताना किंगपिनवरचे ग्रीस चिंधीने पूर्ण पुसा आणि व्हर्नियर लावा. मानेचा ५०.८ मिलिमीटरचा भाग ४९ वर आला, किंवा वरचा ७३ मिलिमीटरचा जाड भाग ७१ वर आला, की पिन बदलायची. एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने मोजा, एकदा आडवे मोजा. कमी भरेल ते खरे. घोडा ओढतो तेव्हा पिनच्या मागच्या अंगावर जोर येतो, ब्रेक लागला की पुढच्या अंगावर. त्यामुळे पिन सगळीकडून सारखी झिजत नाही आणि एकाच बाजूने घेतलेले माप फसवते. पिनसोबत तिच्याभोवतीची पट्टीही पाहावी : वाकली आहे का, फुगली आहे का, कडेच्या वेल्डिंगला तडा आहे का.

झिजलेल्या पिनवर वेल्डिंगचा थर चढवून ती लेथवर पुन्हा गोल करून देणारे आहेत. ही गोष्ट कुणीही, कितीही घाईत असला, तरी करू नये. किंगपिन घडीव पोलादाची असते आणि तिला मुद्दाम उष्णतेचे संस्कार करून चिवट बनवलेले असते. वेल्डिंगची आच लागली की तो चिवटपणा जातो. बाहेरून पिन नव्यासारखी दिसते, मापातही बसते. कसारा घाटात भरलेली गाडी वळणावर ब्रेक घेते तेव्हा तिच्या अंगातली चीर उघडते. जुन्या पिनची गत भंगारच.

फिफ्थ व्हीलची झीज कानाला कळते. ब्रेक दाबताना किंवा पुन्हा उठताना पाठीमागून खट्ट असा धक्का येतो, म्हणजे पिन धरणारा जबडा (जॉ) आणि पिन यांच्यात ढिलेपणा (प्ले) आला आहे. बहुतेक बनावटींत तो काढायला स्क्रू असतो. पण आधी पिन मोजा. झिजलेल्या पिनवर स्क्रू आवळला, तर पुढच्या आठवड्यात नवी ट्रॉली आली की लॉक नीट बसणारच नाही. स्क्रूची वाट संपली असेल तर जॉ आणि रिंगचा किट बदलावा. पिन बदलताना जॉही पाहावेत, कारण झिजलेला जॉ नव्या पिनला लवकर खातो. फिफ्थ व्हील चासीला धरणाऱ्या बोल्टांवर रंगाची आडवी रेघ मारून ठेवली, तर ढिला झालेला बोल्ट लांबूनही ओळखू येतो.

ग्रीसबद्दल इथे एक खोड आहे : जुन्यावर नवे थापायचे. भिवंडीच्या रस्त्यांवरची धूळ त्या ग्रीसमध्ये मिसळली की ते पॉलिश पेपरसारखे काम करते. आधी जुने खरवडून काढा, मग जड दाबाला टिकणारे लिथियम किंवा मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरा. महिन्यातून एकदा तरी हे व्हावे. पावसाळ्यात पाणी ग्रीस धुऊन नेते, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला.

पिन आणि फिफ्थ व्हील निवडताना पहिला प्रश्न मापाचा. किंगपिन दोन मापांत मिळते, दोन इंची आणि साडेतीन इंची. साडेतीन इंचांच्या जॉमध्ये दोन इंची पिन घालून गाडी हाकणे म्हणजे ती न जोडताच हाकणे. दुसरा प्रश्न ताकदीचा. फिफ्थ व्हीलच्या पाटीवर दोन आकडे असतात : वरून किती टन पेलेल तो एक, आणि आडवी ओढ किती किलोन्यूटन सोसेल तो दुसरा, म्हणजे डी-मूल्य. त्याचा हिशेब असा : पाठीवर टेकलेल्या भारासह घोड्याचे वजन गुणिले ट्रॉलीचे भरलेले वजन, भागिले जोडगाडीचे एकूण वजन, वजने टनांत घ्यायची आणि येणाऱ्या आकड्याला ०.६ आणि ९.८१ ने गुणायचे. दोन अ‍ॅक्सलचा ८ टनी घोडा, त्याच्या पाठीवर साडेदहा टन, ट्रॉली साडेसदतीस टन : डी-मूल्य सुमारे ९० येते. तीन अ‍ॅक्सलचा ९ टनी घोडा, पाठीवर १९ टन, ट्रॉली ४६ टन : तेच सुमारे १३८. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलभाराची मर्यादा वाढवली आणि जोडगाडीची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. त्यानंतर जुन्या घोड्यामागे जड ट्रॉली लावायचा मोह वाढला आहे. मोह होण्याआधी पाटीवरचे आकडे वाचावेत. पाटी घासली गेली असेल, तर ते फिफ्थ व्हील जड कामाला लावू नये.

जोडताना ट्रॉलीची पट्टी फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा मागे येताना तिला उचलून घेतो. ट्रॉली उंच राहिली तर पिन जॉच्या वरून सरकते. हँडल आत गेलेले दिसते, गाडी जोडल्यासारखी वाटते आणि पहिल्याच खड्ड्यात सुटते. म्हणून ट्रॉलीचे ब्रेक लावलेले आणि चाकांना गुटके दिलेले असताना बॅटरी घेऊन खाली वाकायचे. ट्रॉलीची पट्टी आणि फिफ्थ व्हील यांच्यात फट नको, जॉ पिनच्या मागे बंद दिसायला हवा, सेफ्टी लॅच बसायला हवी. मग पहिल्या गिअरमध्ये हलकी ओढ द्यायची. हवेचे पाइप आणि लँडिंग लेग त्यानंतर. रात्री दोन वाजता झोपेला आलेल्या ड्रायव्हरकडून हे होणे कठीण, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच गोदामाच्या गेटवर बॅटरी ठेवलेली असावी आणि गेटवाल्याने गाडी सोडण्याआधी ती ड्रायव्हरच्या हातात द्यावी.

फिफ्थ व्हीलखेरीज दुसरी जोडणी दांडी, कडी आणि पिनची; ती भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना दिसते. तिथे मूळ पिन हरवली की सळईचा तुकडा घातला जातो. सळई पिनचे काम करत नाही; ती आधी वाकते, मग तुटते. योग्य मापाची पिन, तिला साखळीने बांधलेली क्लिप आणि दांडीला वेगळी सुरक्षा साखळी, एवढे हवेच. कडीचे भोक लांबट झाले असेल तर कडी बदलावी. दांडीच्या अवजड ट्रेलरांत ४० मिलिमीटरच्या कडीची बुश ४१.५ वर गेली की ती काढतात. भट्टीवरच्या कडीलाही असाच कडक नियम लावला तर बिघडणार काही नाही.

जुनी ट्रॉली विकत घेणाऱ्यांनी बयाणा देण्याआधी ती घोड्यावरून सोडवून घ्यावी आणि पिन स्वतः मोजावी. जोडलेल्या ट्रॉलीची पिन दिसत नाही, आणि विकणाऱ्याला ते माहीत असते.

पुढच्या आठवड्यात : कंटेनरचे चार ट्विस्ट लॉक आणि लँडिंग लेग.