टाकीच्या तळाशी सगळंच पाणी नसतं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. यजमान कामानिमित्त पुण्याला गेले होते आणि त्यांची मोटारसायकल दीड महिना आमच्या निपाणीच्या घरी अंगणात उभी होती. परत आल्यावर किका मारून मारून ते घामाघूम झाले, पण गाडी सुरू होईना. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि म्हणाला, "अक्कारी, नीर ऐत्री!"

बरणीत दोन थर स्पष्ट दिसत होते. खालचा थर चांगला तांब्याभर! यजमान भडकले. "पंपवाल्यानं पाणी घातलंय. ही बरणी चार लोकांत नेऊन दाखवतो."

मामंजींची उभी हयात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "थांब. हे सगळं पाणी नव्हे. यात आपला ऊसही आहे."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 साली आपल्या शेजारी मिरजेतही झाला. 2003 पासून महाराष्ट्र, कर्नाटकासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं. 2022 मध्ये देशभर 10 टक्के झालं आणि 2025 पर्यंत 20 टक्क्यांवर पोहोचलं.

पेट्रोल आणि पाण्याचं कधी जमत नाही. इथेनॉलचं मात्र दोघांशी जमतं, माहेरी मराठी आणि सासरी कन्नड बोलणाऱ्या आपल्याकडच्या सुनेसारखं! पण त्याचा ओढा पाण्याकडे जास्त. थोडं पाणी आलं तर ते मिश्रणात विरघळून जातं. 10 टक्के मिश्रणाच्या 10 लिटरमध्ये साधारण 50 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दहा चमचे पाणी मावतं. 20 टक्क्यांत त्याहून थोडं जास्त. ही मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. थंडीत ही मर्यादा आणखी घटते. म्हणून चमच्यांनी मोजण्याएवढं पाणी शिरलं, तरी खाली तांब्याभर थर दिसतो.

इंजिनाला पेट्रोल जातं ते तळाकडून, म्हणजे नेमका तोच थर. तो नीट पेटत नाही. वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही उतरतो. टाकी हलवून उपयोग नसतो. सगळं काढून, टाकी कोरडी करून नवं पेट्रोल भरावं लागतं.

मग पाणी आलं कुठून? मिस्त्रीनं झाकण उघडून दाखवलं. पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी असलेलं बारीक भोक चिखलानं बुजलेलं आणि झाकणाचं रबर तडकलेलं. चूक आमच्याच अंगणातली! यजमान काही न बोलता नवं रबर आणायला गेले.

पंपाच्या टाकीतही पाणी शिरू शकतं. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी बंद पडली, तर पावती घेऊन तक्रार जरूर करावी. पण गाडी पावसात उभी असेल, तर आधी आपलं झाकण बघावं. मैत्रिणींनो, पावसाळ्याआधी रबर तपासा, भोक साफ करा, गाडी आडोशाला लावा आणि महिनोन्महिने तशीच उभी ठेवू नका. काढलेलं पेट्रोल चुलीपासून लांब ठेवा, गटारात ओतू नका.

मामंजी म्हणतात, डिस्टिलरीत शेवटचं पाच टक्के पाणी काढायलाच खरी मेहनत लागते. 99.5 टक्के शुद्ध इथेनॉल करून दिल्यावर ते कोरडं ठेवणं आपल्या हाती!