गुप्तधनशोध आणि भूप्रतिमा यंत्रे

भूप्रतिमा यंत्र म्हणजे जमिनीखालील थरांतील भौतिक फरक मोजून त्यांचे रंगीत चित्र पडद्यावर दाखवणारे उपकरण होय. पुरातत्त्व, भूजलशोध व बांधकाम या क्षेत्रांत त्याचा वापर होतो. हौसेने गुप्तधन शोधणाऱ्यांनाही अशी यंत्रे विकली जातात. त्यांची किंमत साध्या धातुशोधकाच्या अनेक पट असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगावसारख्या बेसाल्टच्या प्रदेशात जमिनीचे गुणधर्म व प्रचलित कायदे पाहता हौशी शोधकाचा हा खर्च सहसा सार्थकी लागत नाही.

कार्यपद्धती

साधा धातुशोधक (मेटल डिटेक्टर) बदलत्या चुंबकीय क्षेत्राला धातूकडून मिळणारा प्रतिसाद टिपतो. नाण्याएवढी वस्तू तो साधारणपणे वीतभर खोलीपर्यंत ओळखतो. भूवेधी रडार जमिनीत रेडिओलहरी सोडून परावर्तित लहरींचा वेध घेते. चुंबकमापक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील स्थानिक बदल नोंदवतो. सोने, चांदी व तांबे लोहासारखे चुंबकीय नसल्याने ते त्याला थेट कळत नाहीत.

पडद्यावरील चित्र हे छायाचित्र नसते. मोजलेल्या बिंदूंमधील जागा गणिताने भरून ते तयार होते. पोकळी, मोठा दगड किंवा ओलावा यांमुळेही ठळक आकृती उमटू शकते. तिचा अर्थ लावण्यास भूभौतिकीचे प्रशिक्षण लागते.

सोयगाव परिसरातील जमीन

सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेत व तिच्या उत्तर पायथ्याशी पसरलेला आहे. फर्दापूरजवळची अजिंठा लेणी व वेताळवाडीचा किल्ला यांमुळे परिसराला प्राचीनतेचे वलय आहे. येथील खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने सुटे धोंडेही चुंबकमापकावर खुणा उमटवतात. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओल असताना ती रडारच्या लहरी शोषून घेते. कोरड्या वाळूत काही मीटर जाणाऱ्या लहरी अशा मातीत बहुधा मीटरभरही पोहोचत नाहीत.

उल्लेखनीय उदाहरणे

२०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील दौंडिया खेडा येथे एका साधूच्या स्वप्नातील सोन्याची देशभर चर्चा झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालात जमिनीखाली धातू असण्याची शक्यता नोंदली गेली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले, सोने मिळाले नाही. तज्ज्ञ संस्थेच्या उपकरणांचे संकेतही निर्णायक नसतात, हे त्यातून दिसले.

याउलट दायमाबाद (अहिल्यानगर जिल्हा) येथील प्रसिद्ध चार कांस्यशिल्पे १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला सापडली. ती शास्त्रीय उत्खननात न मिळाल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू कोणत्या थरात होती ही माहिती एकदा नष्ट झाली की पुन्हा मिळत नाही. हौशी खोदकामाने होणारे हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

कायदेशीर बाजू

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तसे न केल्यास सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्थळी परवान्याविना उत्खनन करण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने बंदी आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

फसवी यंत्रे

दूर अंतरावरून सोन्याची दिशा दाखवतात असे सांगून विकल्या जाणाऱ्या फिरत्या सळईच्या यंत्रांना शास्त्रीय आधार नाही. याच धर्तीवरचे बनावट बॉम्बशोधक विकल्याबद्दल ब्रिटनमध्ये २०१३ साली एका व्यावसायिकाला दहा वर्षांची कैद झाली.

मूल्यमापन

शेतात हरवलेला दागिना किंवा नांगराचा फाळ शोधण्यास साधा धातुशोधक पुरेसा असतो. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथील सुवर्णसंचयही २००९ मध्ये एका हौशी शोधकाला अशाच यंत्राने सापडला. खोलवरच्या सर्वेक्षणाची खरी गरज असल्यास, जसे विहिरीची जागा ठरवताना, यंत्र विकत घेण्यापेक्षा प्रशिक्षित भूवैज्ञानिकाकडून विद्युतरोध सर्वेक्षण करून घेणे अधिक उपयुक्त ठरते. शिल्प, नाणी वा खापरे दिसल्यास खोदकाम थांबवून तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागास कळवणे इष्ट असते.